सर, पाय तुमचाही हलत होता

परवा फर्दापुरात एक वरात निघाली होती. बँडवाल्यानं आधी देवाचं एक वाजवलं, मग सिनेमातली दोन वाजवली, आणि मग नेहमीप्रमाणे घेतलं पोपटाचं गाणं. आनंद शिंदेंचं. पहिला सूर निघाला आणि नवरदेवाचे मामा, कॉलेजची पोरं, फेटा बांधलेले आजोबा, सगळे एकदम रस्त्यावर. जळगावकडं निघालेल्या दोन गाड्या अडकल्या, तर त्यातले ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून हात काढून ताल द्यायला लागले.

माझ्या शेजारी आमचे एक निवृत्त सर उभे होते. मला शाळेत मराठी शिकवलेले. ते म्हणाले, "असल्या गाण्यांनीच मराठी गाणं नासवलं बघ. तू पत्रकार आहेस ना? लिही यावर काहीतरी."

सर, लिहितोय. पण तुम्हाला पाहिजे तसं नाही जमणार. कारण तुम्ही हे म्हणत होतात तेव्हा पाय तुमचाही हलत होता. मी पाहिलं.

आधी नव्या पोरांसाठी थोडं मागचं सांगतो. 'नवीन पोपट हा' ही कॅसेट ऐंशीच्या दशकातली. व्हीनस कंपनीची. त्याआधी गाणं बाहेर काढायचं म्हणजे रेकॉर्ड काढायची. त्या धंद्यावर एचएमव्हीचं राज्य होतं आणि रेकॉर्डी छापायचा त्यांचा कारखाना पार कलकत्त्याजवळ डमडमला. कोणाचं गाणं निघणार हे कंपनीतली चार माणसं ठरवायची. कॅसेट आली आणि हे सगळं उलटंपालटं झालं. छोटी कंपनी थोड्या भांडवलात गाणं भरू शकायची, हव्या तेवढ्या प्रती काढू शकायची आणि मोंढ्यापासून जत्रेपर्यंत कुठंही विकू शकायची. ऐकणाराही बदलला. ज्याच्या घरात ग्रामोफोन कधी आला नाही, त्याच्या घरात टेपरेकॉर्डर आला.

मी तेव्हा लहान होतो. पोपट मी पहिल्यांदा ऐकला तो पानटपरीवर, मग काळीपिवळीत, मग गणपतीत, मग लग्नात. घरात मात्र हे गाणं लागलं की मोठी माणसं आवाज बारीक करायची. बंद नाही करायची हां, बारीक करायची! हा फरक लक्षात ठेवा, सगळा विषय तिथंच आहे.

त्या कॅसेटचं स्वागत कसं झालं? लोकांनी ती डोक्यावर घेतली. आणि लिहिणाऱ्यांनी? नाट्यसंगीत, भावगीत, गझल यांच्या कार्यक्रमांवर पेपरात रकाने भरून यायचे. कोणत्या रागाची छाया कुठं पडली तेही यायचं. पोपटाच्या वाट्याला एकच शब्द आला, 'सवंग'. गाणं नीट ऐकून, त्यातली ढोलकी, आवाजाची फेक, शब्दावर दिलेला हिसका याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? पदविका घेऊन मी नुकताच बातमीदारीला लागलो होतो. एका गावात जयंतीनिमित्त गायनपार्टीचा कार्यक्रम होता. पहाटेपर्यंत हजारभर माणूस हललं नाही. मी बातमी दिली चार ओळींची. 'कर्णकर्कश आवाजात कार्यक्रम पार पडला' असं लिहिलं. कोण गायलं, कोणाची गाणी गायली, काही नाही. व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची नावं मात्र अकराच्या अकरा दिली. ते कात्रण अजून माझ्याकडं आहे. लाज वाटते म्हणून जपून ठेवलंय.

आता सरांच्या मुद्द्याकडं येतो. त्यांचं म्हणणं की गाणं चावट आहे, द्व्यर्थी आहे. मान्य. पण सर, तुम्हीच आम्हाला राम जोशी शिकवलेत, होनाजी बाळा शिकवलेत. पेशवाईतल्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्या काय देवळातल्या आरत्या होत्या? तिथं तुम्ही म्हणायचात, "शब्दांचा खेळ बघा, श्लेष बघा." म्हणजे दोनशे वर्षं जुना झाला की चावटपणाचा श्लेष होतो, आणि पानटपरीवर वाजला की सवंग! पुढं मोठमोठ्या कवींनी सिनेमासाठी लावण्या लिहिल्या, 'पिंजरा' १९७२ साली घराघरात पोचला, सुलोचना चव्हाणांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्याचा मला आनंदच आहे. प्रश्न एवढाच की मोजायची फूटपट्टी सगळ्यांना एक का नाही?

आमच्या फर्दापूरचंच बघा. गावापासून चार-पाच किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. राजवाड्यात नर्तकी नाचतेय आणि भोवती वाजवणाऱ्या बाया, बासऱ्या, ढोल. राजाचं मन वैराग्याकडून संसाराकडं वळावं म्हणून मांडलेला तो नाच आहे. म्हणजे स्पष्ट बोलायचं तर, मोहात पाडणारं गाणं-बजावणंच. जगभरातून माणसं ते बघायला येतात, गाईडचं ऐकून माना डोलावतात. भिक्खूंच्या विहाराच्या भिंतीवर ते चित्र काढायला त्या चित्रकाराला संकोच वाटला नाही. नाचही दाखवला आणि वैराग्यही दाखवलं, एकाच भिंतीवर. आम्हाला मात्र एकाच गळ्यात दोन्ही चालत नाही.

गळ्यावरून आठवलं. आनंद शिंदेंचे वडील प्रल्हाद शिंदे. मंगळवेढ्याचे. जन्म १९३३, निधन २००४. आषाढी आली की गावोगावच्या भोंग्यांवर 'पाऊले चालती' लागतं, तो आवाज त्यांचा. मंगळवेढं म्हणजे चोखोबांचं गाव. ज्या चोखोबांना पंढरपुरात देवळाबाहेर राहावं लागलं आणि ज्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे, ते चोखोबा. साने गुरुजींनी उपोषण केलं आणि १९४७ साली विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं झालं. तेव्हा प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे असतील. पुढं याच माणसाच्या आवाजात सगळ्या महाराष्ट्राची वारी चालायला लागली. त्यांनी विठ्ठल गायला, बाबासाहेब गायले, कव्वाली गायली. आनंद आणि मिलिंद हे त्यांचे मुलगेही तसेच. जयंतीला भीमगीत, आषाढीला भक्तिगीत आणि लग्नात पोपट. नातू आदर्श शिंदे आता सिनेमात गातो आणि ज्यांनी पोपटाला नाक मुरडलं त्यांच्या पोरांच्या फोनमध्ये तो आवाज आहे.

मराठवाड्यात तर हे घरोघरी होतं. कॅसेट ठेवायचा एकच डबा. त्यात वामनदादा कर्डकांची गाणी, नामांतराची गाणी, प्रल्हाद शिंदेंचा विठ्ठल आणि तळाशी पोपट. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत माणसं लढली, काहींनी जीव दिला, घरं जळाली. त्या सोळा वर्षांत गावागावांत धीर कोणी टिकवून ठेवला? भाषणांनी काही, पण जास्त करून गायनपार्ट्यांनी. आणि त्या गायनपार्ट्यांना वर्षभर पोट होतंच ना? जयंतीचा महिना सरला की गाणाऱ्यानं काय खायचं? चळवळीतल्याही काही मंडळींना हे रुचायचं नाही. भीमगीत गाणाऱ्यानं असली गाणी गाऊ नयेत, असं ते म्हणायचे. त्यांची तळमळ मला समजते. पण कलावंतानं फक्त आपल्याला हवं तेच गावं आणि उरलेले महिने उपाशी राहावं, हा कुठला न्याय?

हे काही आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत 'होंकी-टोंक' नावाचा प्रकार आहे. होंकी-टोंक म्हणजे मजुरांचा, ट्रकवाल्यांचा दारूचा अड्डा, आणि तिथं वाजणारं गाणं तेही होंकी-टोंक. दारू, बेवफाई, फसवणूक, रडारड. शहरी शहाणे नाक मुरडायचे. हँक विल्यम्स नावाचा गवई त्यात गाजला आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी, अवघ्या २९ व्या वर्षी गेला. २०१० साली, म्हणजे मरून सत्तावन्न वर्षं झाल्यावर, पुलित्झरवाल्यांनी त्याचा खास गौरव केला. तिथंही दाद उशिराच मिळाली, पण निदान लेखी मिळाली.

आपल्या सरकारचंही असंच. १९५२ मध्ये बा. वि. केसकर या मराठी मंत्र्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांची अभिरुची सुधारायची होती म्हणे. लोकांनी सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. वरून हुकूम काढून कान बदलत नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. आमच्या घरातल्या बायकांना विचारलं तेव्हा एकीनं सरळ सांगितलं, "तुम्हाला ठेका आवडतो, पण वरातीत ते गाणं लागलं की दारू प्यालेली पोरं आमच्याकडं बघून हातवारे करतात. तेव्हा आम्हाला काय वाटतं ते लिही." लिहिलं. यावर माझ्याकडं चतुर उत्तर नाही. चावट गाण्यात बहुतेक वेळा गंमत पुरुषाची असते आणि नेम बाईवर असतो. लावणीतही हेच झालं. लिहिणारा कवी ठरला, नाचणारी मात्र बदनाम. शर्मिला रेगेंसारख्या अभ्यासक बाईंनी लावणी कलावंतांवर लिहिलं तेव्हा या गोष्टी निदान चर्चेत आल्या.

पण यावर उपाय काय? बंदी? मला नाही वाटत. हातवारे करणाऱ्याला आवरायचं काम वरातीतल्या वडीलधाऱ्यांचं, ते त्यांनी तिथल्या तिथं करावं. आणि गाण्याला उत्तर गाण्यानं द्यावं. आपल्या मातीत कलगी-तुरा आहे, तमाशात सवाल-जवाब आहेत. त्या होंकी-टोंकवाल्यांचंच उदाहरण घ्या. पुरुषांनी 'बाई बिघडली' अशी गाणी गायली, तेव्हा १९५२ मध्ये किटी वेल्स या बाईनं उलटा जवाब गायला, की बाई बिघडली असेल तर त्यात पुरुषाचा हात किती ते आधी बघा. एनबीसी या रेडिओ कंपनीनं ते गाणं बंद केलं, तरी ते खपात पहिल्या नंबरावर गेलं. आपल्याकडं पोपटाला जवाब देणारी मैना अजून यायची आहे. आली तर तिची बातमी चार ओळींची होणार नाही, हा माझा शब्द.

एक ताजी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारनं विधान परिषदेवर नेमायच्या बारा जणांची यादी राज्यपालांकडं पाठवली. त्यात आनंद शिंदेंचं नाव होतं. यादी तशीच पडून राहिली, पुढं सरकार बदललं आणि ती परत घेतली गेली. त्यात राजकारण होतं, बाकीची नावंही अडकली, ते खरं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. नाव आल्याबरोबर कट्ट्यावरचे काही जण म्हणाले, "पोपटवाला आमदार होणार काय?" पन्नास वर्षं त्या घरानं जे गायलं ते सगळं बाजूला, आणि माणूस एका गाण्यात कोंबला. हे कसं होतं? वेळच्या वेळी कोणी नीट लिहून ठेवलं नाही म्हणून होतं. लिहिणारे गप्प राहिले की टोपणनाव उरतं.

म्हणून सर, तुमच्याशी भांडण नाही. गाणं तुम्हाला आवडत नसेल तर नका ऐकू. पण 'नासवलं' म्हणायच्या आधी एकदा ते पूर्ण ऐका आणि मग काय नासवलं ते मुद्देसूद सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी छापीन. टीका पण एक मानच असतो. दखलच न घेणं हा खरा अपमान.

आणि बाकीच्या मंडळींना एक विनंती. माळ्यावर, ट्रंकेत, बंद पडलेल्या दुकानात जुन्या कॅसेट पडल्या असतील. रिबिनीला बुरशी लागलीय, उंदरांनी कुरतडल्यात, काही भंगारात गेल्यात. गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण गाणं लिहिलं कोणी, ढोलकी कोणाची, कोरसला कोण, हे फक्त कॅसेटच्या डबीतल्या त्या घडीच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद गेला की ती माणसं दुसऱ्यांदा मेली. २०१२ मध्ये कायदा बदलला, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. पण ज्याचं नावच कुठं शिल्लक नाही, त्याच्या पोराबाळांनी हक्क कसा सांगायचा?

तेव्हा टाकून देऊ नका. सोयगाव, सिल्लोड, पहूर, कुठल्याही बाजूचे असा, त्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून मला पाठवा. भीमगीत असो, भारूड असो, पोपट असो. मी नावांची यादी करायला घेतलीय. आजवर सत्तावीस डब्या झाल्या. त्यातल्या अकरांत कागद आहे, बाकी रिकाम्या.

सर, तुमच्या घरी पण एक डबा आहे, मला माहीत आहे. काकूंनी सांगितलं. रविवारी येतो. आवाज बारीक करूनच ऐकू.