सातबारा मोबाईलवर आला, पण वाचला कोणी?



सरकारने यंत्र बसवले की कामे आपोआप होतील, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी वारणेकडे पाहावे. १९९८ साली वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांसाठी संगणक बसवले. शेतीसल्ला, बाजारभाव, सारे त्यातून मिळेल असा बेत होता. शेतकऱ्यांनी वापरले ते मुख्यतः उसाचे वजन आणि खाते पाहायला! पुढे २००७ च्या सुमारास ७ गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या संदेशावर करून पाहिले, तर कमी खर्चात भागले. गरज आधी आणि यंत्र मागून, हा क्रम तिथे उशिरा सापडला.

सातबाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. हस्तलिखित उतारे संगणकात घेताना चुका राहिल्या, तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडीवाचन ठेवले. आपल्या लांजा तालुक्यात एकेका हिश्शावर भावकीची किती नावे असतात! निम्मे चाकरमानी मुंबईत. आपले नाव आणि क्षेत्र बरोबर आहे का, हे घरच्याशिवाय कोण सांगणार?

तीच गत ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची ठरली. पहिल्या वर्षी चुकीची नोंद झाली की पंचाईत. २०२२ मध्ये ४८ तासांत दुरुस्तीची सोय दिली. माझ्या मते अशा लहान सोयींनीच योजना तगतात, उद्घाटनांनी नव्हे.

आता कामाचे. फोटो शेतात उभे राहूनच काढा, कारण जागेची नोंद त्याबरोबर जाते. अंगणातून काढलेला चालत नाही. सड्यावर रेंज नसेल तर माहिती भरून ठेवा आणि रेंज मिळताच पाठवा. भाताबरोबर आंबा-काजूची कलमेही नोंदवा. पुष्कळजण ती विसरतात आणि वादळानंतर भरपाईच्या वेळी उतारा कोरा निघतो. सामाईक जमिनीत नोंद कोणी करायची, हे हंगामाआधीच मुंबईकरांशी बोलून ठरवा. मोबाईल मुलाच्या हातात असला तरी गट व हिस्सा नंबर वडीलधाऱ्यांनी सांगावा.

डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तो काढून जुन्या हस्तलिखिताशी ताडून पाहा. लेखनाची चूक आढळली तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत जुन्या उताऱ्याची आणि फेरफाराची नक्कल जोडा.