कोपऱ्याचा तुकडा

डेट्रॉइटमध्ये कुणी ‘डेट्रॉइट पिझ्झा’ मागत नाही. निदान आम्ही तिथल्या ट्रॉय नावाच्या उपनगरात राहायचो तेव्हा तरी मागत नसत. चौकोनी हवा की गोल, एवढाच प्रश्न. नवऱ्याच्या ऑफिसात कुणाचा वाढदिवस असो, मुलाच्या शाळेत कशासाठी पैसे गोळा करायचे असोत किंवा मंडळाच्या एकांकिकेची तालीम लांबलेली असो, टेबलावर खोकी येऊन पडायची आणि सगळ्यांचे हात आधी कोपऱ्यांकडे जायचे. शहराचं नाव या पिझ्झाला चिकटलं ते तो शहराबाहेर पडल्यावर. मीही ते नाव पाटीवर लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं ते टेक्सासात आल्यावर, ऑस्टिनमध्ये. डेट्रॉइटहून रस्त्याने दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्तच.

तर कोपरा. काळपट निळसर पोलादाचा, दोन-अडीच इंच खोल आयताकृती ट्रे असतो. त्याला तेल लावून मैद्याचं चांगलं सैल, हाताला चिकटणारं पीठ बोटांनी दाबत दाबत चारही टोकांपर्यंत न्यायचं. पेपरोनी थेट पिठावर. तिच्यावर चीज, आणि ते पार ट्रेच्या भिंतीला टेकेल असं. सॉस सगळ्यात वर, लांबलांब पट्ट्यांत. शर्यतीच्या गाड्यांवर रंगवतात तशा दिसतात म्हणून तिकडे त्यांना ‘रेसिंग स्ट्राइप्स’च म्हणतात. कडेचं चीज वितळून पीठ आणि पत्रा यांच्या फटीत उतरतं आणि स्वतःच्याच तुपात तळलं जातं. सुरी फिरवून पिझ्झा बाहेर काढला की कडेला तपकिरी, कुरकुरीत, जाळीदार भिंत उभी असते. सगळी चव त्या खरवडीत. मधल्या तुकड्याला ती एका बाजूने मिळते, कोपऱ्याच्या तुकड्याला दोन बाजूंनी. आठ तुकड्यांत कोपरे चारच, त्यामुळे घरात पाचवं माणूस आलं की भांडण ठरलेलं.

हा प्रकार सुरू झाला १९४६ मध्ये. कोनँट स्ट्रीट आणि सिक्स माइल रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘बडीज रॉन्देव्हू’ नावाचा बार होता, दारूबंदीच्या काळातला चोरटा गुत्ता. त्याचे मालक गस ग्वेरा यांनी तिथे चौकोनी पिझ्झा विकायला सुरुवात केली. पाककृती कुणी म्हणतं त्यांच्या सिसिलीच्या सासूबाईंची, कुणी म्हणतं तिथे काम करणाऱ्या एका वेट्रेसची. ट्रेबद्दल मात्र सगळे एकच गोष्ट सांगतात. तो स्वयंपाकघरातला नव्हेच. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायला वापरत, तोच उचलून आणला. माझ्या नवऱ्याचा जन्म सुट्या भागांत गेलेला, त्यामुळे या गोष्टीवर त्याचा भारी जीव. पाहुणे आले की पिझ्झाच्या आधी ट्रेची कथा वाढली जाते.

पुढे १९५३ मध्ये ग्वेरांनी बडीज विकलं आणि ‘क्लोव्हरलीफ’ घेतलं. बडीज आणि ‘शील्ड्स’मध्ये हात तयार झालेल्या एका आचाऱ्याने १९७७ मध्ये हेझल पार्कला ‘लुईज’ काढलं. गंमत म्हणजे ही सगळी एकाच मुळाची दुकानं, पण एकाचा पिझ्झा दुसऱ्यासारखा नाही. कुणाचा सॉस गोडसर, कुणाचं चीज बेसुमार, कुणाची कड जवळजवळ काळी. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. आपापलं दुकान धरून राहायचं, बाकीच्यांना नावं ठेवायची.

याच भागातून दोन पिझ्झे जगभर गेले आणि दोन्ही गोल. ‘लिटल सीझर्स’ १९५९ मध्ये गार्डन सिटीत निघालं, ‘डॉमिनोज’ १९६० मध्ये इप्सिलँटीत. म्हणजे पुण्यात आपण इटालियन समजून खातो तोही मिशिगनचाच. चौकोनी मात्र साठेक वर्षं घर सोडून फारसा हलला नाही. याला कारण त्याचं चीज असावं असं मला वाटतं. ते ‘ब्रिक’. १८७७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जॉन जोसी नावाच्या स्विस माणसाने काढलं. विटेच्या आकाराचं आणि विटांखालीच दाबलेलं. स्निग्धांश भरपूर, म्हणून कडेला तळलं जातं, सुकत नाही. पण अमेरिकेच्या त्या मधल्या पट्ट्याबाहेरच्या दुकानांत विचारलं तर लोक तोंडाकडे बघतात. बांधकामाच्या सामानाचं दुकान पलीकडे आहे, असंही एकाने मला सांगितलंय.

दार उघडलं ते २०१२ मध्ये. क्लोव्हरलीफचे पिझ्झे घरोघर पोचवण्यापासून सुरुवात केलेल्या शॉन रँडाझो यांनी लास व्हेगासच्या स्पर्धेत हा चौकोनी पिझ्झा नेला आणि जगज्जेतेपद घेऊन आले. मग ते गावोगावच्या पिझ्झेवाल्यांना शिकवत राहिले. २०२० मध्ये, ऐन चाळिशीत ते गेले. आज अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात ‘डेट्रॉइट स्टाइल’ची पाटी दिसते, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. २०२१ मध्ये ‘पिझ्झा हट’नेही आपला काढला. तो मी खाल्लेला नाही आणि खाणारही नाही. हा निव्वळ दुराग्रह आहे हे मला मान्य आहे.

ऑस्टिनच्या दुकानाचं नाव ‘व्हाया ३१३’. ३१३ हा डेट्रॉइटचा टेलिफोन कोड. तिकडून आलेल्या झेन आणि ब्रँडन हंट या भावांनी २०११ मध्ये एका ट्रेलरमधून सुरुवात केली, आता तर ते युटापर्यंत पोचलेत. त्यांच्या ‘डेट्रॉइटर’मध्ये पेपरोनी दोनदा असते, एकदा चीजखाली आणि एकदा वर, वाटीसारखी वळलेली. तिथे रांगेत पुढच्या माणसाला मी सहज म्हटलं, आम्ही मिशिगनचे. त्याने लगेच उजवा पंजा वर केला आणि अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं. नकाशावर मिशिगन पंजासारखं दिसतं, म्हणून तिकडची माणसं आपलं गाव हातावर दाखवतात. मीही माझं दाखवलं. मग पिझ्झा येईपर्यंत तो मला खरं डेट्रॉइट काय याचे नियम सांगत राहिला: सॉस नेहमी वर, चीज ब्रिकच, ट्रे साबणाने धुवायचा नाही. मला त्याच्या गावच्या निम्म्या दुकानांची आठवण आली, जी यातला एखादा तरी नियम खुशाल मोडतात.

पण त्याला हसायचा मला हक्क नाही. पुण्यातली माझी बहीण गणपतीत उकडीचे मोदक घेऊन जाते ते कोपऱ्यावरच्या काकूंकडून, आणि कळ्या किती पडल्या ते मोजत बसत नाही. इकडे मंडळात हळदीचं पान मिळालं नाही म्हणून हळहळणाऱ्या आणि साच्यातला मोदक दिसला की भुवई चढवणाऱ्या बायका आहेत. त्यातली एक मी.

तरीही एक शंका मी फेडून घेतली. खरं ते गावचंच असेल, तर गावाहूनच मागवावं. डेट्रॉइटच्याच एका दुकानाचा अर्धा भाजून गोठवलेला पिझ्झा कुरियरने मागवला. बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून तो अगदी व्यवस्थित आला आणि आमच्या ओव्हनमधून निघाला तो मऊ पडलेल्या कडेचा पाव होऊन. जन्मगाव तेच, चीज तेच, पण कडेला तापलेला पत्रा नव्हता. ऑस्टिनचा त्याहून कितीतरी अस्सल.

तेव्हापासून घरी करते. ब्रिक नाही म्हणून मोझरेला आणि मॉन्टेरे जॅक निम्मं निम्मं, ओव्हन जेवढा जाईल तेवढा तापवायचा आणि ट्रे सगळ्यात खालच्या कप्प्यात. कड जमते, ट्रेबद्दल मात्र नवरा नाखूश आहे. बाजारात मिळतो तो ॲल्युमिनियमचा, त्यावर गडद थर दिलेला. पीठ सुटतं चांगलं, पण तो म्हणतो, ही फसवणूक आहे. शेवटी त्याने मापांसकट ड्रॉइंग काढलं: दहा बाय चौदा इंच, अमुक गेजचा पत्रा, भिंतींचा उतार, कोपरे वेल्ड न करता दुमडायचे म्हणजे सांध्यात चीज अडकणार नाही. ते भोसरीतल्या जुन्या मित्राच्या शेडवर पाठवलं, पुढच्या फेरीत घेऊन येऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. माप कळलं, बेंडिंग कळलं, दोन दिवसांत होईल म्हणाला. फक्त एवढं सांग, कुठल्या गाडीला बसतो हा?