गाजर गवत : बंदरातून बांधावर

गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी. नावे तीन, झाड एकच, आणि तेही परदेशी. मूळ अमेरिका खंडातले. पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते मुंबई बंदरात उतरले, असे जुनी माणसे सांगतात. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात हे गवत १९५५ सालीच उकिरड्यावर दिसले होते आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद केली. तेव्हा सगळे खापर त्या गव्हावर फोडता येत नाही. बंदर, रेल्वेचा मालधक्का, बाजार समितीचे आवार, मालट्रकच्या चाकाचा चिखल ही अशा बियांची नेहमीची वाट. चाळीसगाव तर मुंबई-भुसावळ मार्गावरचे जंक्शन, धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो.

ते कसे आले हा वाद बाजूला ठेवू. आज ते कोणाच्या जागेत वाढते, हा खरा प्रश्न आहे. शेतकरी निंदणीची मजुरी मोजून वावर स्वच्छ ठेवतो. पण गाडरस्ता, पाटाची कड, गावठाण, शाळेचे आवार इथे गवत कमरेएवढे होते. एका झाडाला हजारो बिया, बी हलके, वाऱ्यापाण्याने पुन्हा वावरात येते. म्हणजे मजुरी शेतकऱ्याची आणि बी सरकारी जागेचे!

कपाशीवाल्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावे. पिठ्या ढेकूण कपाशी नसते तेव्हा याच गवतावर मुक्काम करतो. (तोही परदेशीच पाहुणा.) गवत खाल्लेल्या जनावराच्या दुधाला कडवट वास येतो. उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दमाही होतो.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत निर्मूलन सप्ताह असतो. हेतू चांगला, पण आपल्या भागाला तो उशिराचा, असे माझे स्पष्ट मत आहे. मृगाच्या पावसावर उगवलेले गवत महिना-दीड महिन्यात फुलावर येते. ऑगस्टमध्ये फोटो काढून उपटले तर बी झटकून पेरल्यासारखेच होते. ग्रामपंचायतीने हे काम पुनर्वसू नक्षत्र संपायच्या आत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत उरकावे. जमीन ओली असते, मुळासकट निघते. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. फूल नसलेले गवत खुशाल कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, चांगले खत होते. फुलावर आलेले मात्र खड्ड्यात नको.

मेक्सिकोहून १९८४ साली बंगळूरला आणलेला भुंगा पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतो. ज्या पडीक जागेत तो दिसेल तिथे तणनाशक वा कीटकनाशक मारू नका, त्याला खाऊ द्या. उन्हाळ्यात तो जमिनीत दडून बसतो, गेला असे समजू नये. उपटून मोकळी झालेली जागा रिकामी ठेवली तर गवत परत येणारच. दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या, म्हणजे तरोट्याच्या, वाळल्या शेंगा शाळेच्या पोरांकडून गोळा करून घ्याव्यात आणि मे अखेर गावठाणात फेकाव्यात. टाकळा दाट उगवला की गाजर गवत दबते. खर्च जवळपास काहीच नाही.

पाटाची कड पाटबंधारे खात्याची, रस्त्याची कड बांधकाम खात्याची, रुळाची कड रेल्वेची. सरपंचांनी मे महिन्याच्या मासिक सभेत ठराव करून तिघांना पत्रे द्यावीत आणि पोच घ्यावी. जुलैत पत्र दिले तर उत्तर येईपर्यंत गवताला फूल आलेले असेल.