गुटखा महामार्गावर पकडला जातो, पण तोंड कोण तपासतं?

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर गुटख्याचा साठा पकडल्याची बातमी पालघर जिल्ह्यात अधूनमधून येतच असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पुड्या विकल्या जातात, हे या कारवायांवरूनच दिसतं. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू, म्हणजे गुटखा, खैनी, मशेरी वगैरे वापरत असल्याचं आढळलं. म्हणजे जवळजवळ चौघांत एक जण.

बंदीमुळे विक्रीला आळा बसू शकतो, पण तोंडात आधीच झालेलं नुकसान शोधायला तपासणीच लागते. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, ही त्याची किंवा त्याआधीच्या विकारांची लक्षणं असू शकतात. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे तोंडाची आतली त्वचा आखडत जाते. मशेरी लावणाऱ्या अनेक महिला स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना तसं सांगतही नाहीत. कृपया सांगा.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाच्या तपासणीची सोय आहे. पण विरार-नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल पकडून रात्री परतणारा माणूस ओपीडीच्या वेळेत घरी नसतो. दुखलं की गोळी घ्यायची आणि काम सुरू ठेवायचं, असं होतं. दाताची कीड मात्र गोळीने थांबत नाही. लहान असताना ती एका बैठकीत भरता येते. नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनल किंवा दात काढणं, एवढंच उरतं.

घरात कोणाची तपासणी कधी करावी?

लहान मुलं: पहिला दात आल्यावर, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी दाढ कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

गर्भवती: हिरड्या सुजतात, रक्त येतं. तपासणी आणि बहुतेक उपचार या काळात सुरक्षित असतात. गर्भवती असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

मधुमेही: हिरड्यांचा आजार आणि वाढलेली साखर एकमेकांना बळ देतात. दर सहा महिन्यांनी दाखवा.

तंबाखू, सुपारी खाणारे: दर सहा महिन्यांनी, काही त्रास नसला तरी.

आजी-आजोबा: कवळी असली तरी वर्षातून एकदा. कवळी घासून होणारी जखमही तपासावी लागते.

बाकी निरोगी प्रौढांनी वर्षातून एकदा तरी जावं. रविवारी किंवा संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना शोधून घरातल्या सगळ्यांची वेळ एकत्र घेतली, तर कामाचा खाडा होत नाही. वर दिलेल्या लक्षणांपैकी एकही दिसलं, तर मात्र रविवारची वाट पाहू नका.