सोळा, सतरा की अठरा?

नवी गाडी दारात येते. पेढे वाटून होतात, बॉनेटवरचा हार वाळतो आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात मालक सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहून आपल्याच गाडीकडे तिरक्या नजरेनं बघायला लागतो. सगळं झक्कास आहे राव, पण चाकं जरा बारकीच वाटतात ना? शेजारच्या विंगमधल्या कुणाच्या तरी गाडीला काळी कुळकुळीत मोठी अलॉय लागलेली असतात. मग काय, रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर अलॉयचे फोटो बघणं सुरू!

पुण्यात हा प्रश्न अगदी घरचा आहे. तरुण नोकरदारांची लाडकी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी बनते आपल्या चाकणला. २००९ मध्ये उद्घाटन झालेला हा कारखाना. जून २०२२ मध्ये आलेल्या या सेडानचं दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. आणि अशा तगड्या गाडीला कंपनीनं चाकं दिली १६ इंची! टायरचं माप २०५/५५ आर१६. तिची सख्खी बहीण स्कोडा स्लाव्हिया, तीही चाकणचीच, आणि दीड लिटरवालीला चाकंही तीच. उलट ऑक्टाव्हिया आरएस बघा. २०२० मध्ये आलेली आरएस २४५ होती १८ इंचांवर, २०२५ मध्ये आलेली नवी आरएस १९ वर. म्हणजे खरी स्पोर्ट्‌स सेडान हवी तर चाक मोठं, असा सरळ हिशोब कुणीही मांडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. पुण्यात रोज चालवायच्या गाडीला सोळाच ठेवा आणि वाचलेले पैसे रबरात घाला. का, ते आता सांगते.

आधी ते आकडे. २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. (एकाच मापात तीन हिशोब कुणी घुसडले कोण जाणे.) तर २०५ चे ५५ टक्के म्हणजे भिंत झाली ११३ मिलिमीटर. चार बोटांपेक्षा जास्त रबर आणि त्यात कोंडलेली हवा, हीच तुमची खड्ड्यातली गादी. बाहेरचा एकूण व्यास ६३२ मिलिमीटर. हा आकडा मात्र पाठ करा, कारण रिम वाढवताना तो जवळजवळ तेवढाच राहायला हवा. रिम वाढली की भिंत कमी होणार, दुसरा मार्ग नाही. १७ साठी योग्य माप येतं २०५/५० आर१७. व्यास ६३७, फरक एक टक्क्याच्याही आत. भिंत १०२. अठरावर २२५/४० घेतलं तर व्यास तेवढाच, पण भिंत ९० वर.

दोन-अडीच सेंटिमीटरनं असं काय बिघडतं? पावसाळ्यात सिंहगड रोड किंवा नगर रोडनं एकदा जाऊन या. खड्डा पाण्यानं भरलेला असतो, किती खोल ते आत गेल्यावरच कळतं. भिंत उंच असली तर टायर दबतो, धक्का पितो आणि पुढे जातो. बुटकी असली तर रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात रबर चिमटीत सापडतं, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. हा फुगा पंक्चर काढून बरा होत नाही. टायर थेट भंगारात. रिमला पोचा आला तर तो खर्च वेगळा. आणि सोसायट्यांमधले ते घरगुती गतिरोधक? त्यांच्यावर तर स्वतंत्र कॉलम लिहायला हवा.

ही झाली वाईट बाजू. आता सतराचीही बाजू ऐका, कारण ती खोटी नाही. बुटकी भिंत वळणावर कमी लचकते. स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं नाक लगेच वळतं, मधला तो आळस जातो. पसरणी घाटात सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर हा फरक जाणवतो, आणि मस्त जाणवतो. पण साधी ओतीव १७ इंची रिम सहसा १६ पेक्षा जड असते. हे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकासोबत वरखाली होणारं आणि फिरणारं. बाणेरच्या सिग्नलला दर वेळी शून्यापासून तेच फिरवायचं, तेच थांबवायचं. पिकअपसाठी जीटी घ्यायची आणि चाकांत वजन भरून पिकअप मारायचा, याला काय म्हणावं?

सध्या एक जुगाड जोरात आहे. फोक्सवॅगनचीच टायगुन, तिची १७ इंची अलॉय व्हर्टसला चढवायची. एकाच घरातली असल्यानं बोल्टची मांडणी जुळते, पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. दिसतातही कंपनीची. पण टायगुनचे टायर आहेत २०५/५५ आर१७. व्यास ६५७. म्हणजे चार टक्के मोठा. स्पीडोमीटरच्या हिशोबातलं १०० आता प्रत्यक्षात १०४ होतं, आणि गिअर लांब झाल्यानं गाडी उठताना सुस्तावते. गंमत म्हणजे यात भिंत ११३ मिलिमीटरच राहते आणि गाडी सव्वा सेंटिमीटरनं उचलली जाते, त्यामुळे पोट घासायचं कमी होतं. गतिरोधकांना वैतागलेली मंडळी हे मुद्दाम करतात. ज्याला उंची हवी त्याला हा सौदा पटेल. मला विचाराल तर रिम हौसेनं घ्या, पण टायर २०५/५०च घाला, आणि स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे वळवून, मागे तिघांना बसवून, कुठे घासत नाही ना ते दुकानातच बघा.

बाहेरची अलॉय घेत असाल तर आणखी एक गोष्ट. फोक्सवॅगन-स्कोडाला चाकाचे नट नसतात, बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टची मान गोल, गोटीसारखी असते. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना निमुळत्या मानेचा बोल्ट लागतो. गोल मानेचा बोल्ट निमुळत्या खाचेत घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका रेघेवर, आणि चालता चालता सैल होऊ शकतो. तसंच मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं हवं. मोठं असेल तर मधे बसवायची रिंग घ्या, नाहीतर एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग थरथरायला लागेल आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालत बसाल.

रबराची गोष्ट

रिमवर एवढी चर्चा होते, टायर मात्र ‘जो मिळेल तो द्या’. उलटं हवं! रस्त्याला टेकतं ते फक्त रबर, तेही प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढं. ब्रेक कितीही भारी असू द्या, एबीएस असू द्या, गाडी थांबणार त्या चार तळहातांवरच. कंपनीतून येणारा टायर बहुतेक वेळा मायलेज आणि टिकाऊपणाकडे झुकलेला असतो. म्हणून तो झिजला की पहिला अपग्रेड तिथे करा. २०५/५५ आर१६ हे जगभर भरपूर खपणारं माप आहे, त्यामुळे निवड मोठी. एकाच कंपनीत मऊ चालीचे, शांत टूरिंग टायरही मिळतील आणि पकड जास्त असलेले, लवकर झिजणारे परफॉर्मन्स टायरही. दोन्ही एकात देतो म्हणणाऱ्या सेल्समनकडे गोड हसून बघा.

माझ्या यादीत सगळ्यात वर असते ओल्या रस्त्यावरची पकड. कोरड्या रस्त्यावर ठीकठाक टायरही निभावून नेतो. ताम्हिणीत जुलैचा पाऊस लागला की खरी परीक्षा. टायरच्या खाचांनी पाणी बाहेर फेकायचं असतं. ते जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला उरतं. इथे रुंद टायरचा फायदा तर सोडाच, तोटाच असतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. एआयएस-१४२ नावाच्या भारतीय मानकात टायरची ओली पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज, तिन्ही गोष्टी तपासायच्या असतात. वेताळ टेकडीवरच्या आपल्या एआरएआयनंच हे मानक प्रसिद्ध केलंय. दुकानदाराला त्याबद्दल विचारून बघा. निदान गिऱ्हाईक कच्चं नाही एवढं तरी त्याला कळेल.

खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे बारीक उंचवटे असतात. रबर तिथवर झिजलं की टायर संपला. पण पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटरलाच संपला म्हणते. जूनच्या आधी मे महिन्यात मोजून घ्या, म्हणजे पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर देवाचं नाव घ्यावं लागणार नाही.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कुठे लावायचे? बहुतेक दुकानांत ‘पुढची चाकं ओढतात ना साहेब’ म्हणून पुढे लावतात. मागे लावायला सांगा. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं तुमच्याआमच्यासारख्यांचं काम नव्हे.

टायरवर मापाशेजारी ९१व्ही असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एच असेल तर २१०. एवढं कोण पळवतंय, असं म्हणाल. मुद्दा पळवण्याचा नाहीच, उष्णतेचा आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं तापलेलं काँक्रीट आणि सलग तासभर एकच वेग. समृद्धीवर तर ७०१ किलोमीटर आणि १२० ची मर्यादा. म्हणून कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या आणि अक्षराच्या खाली उतरू नका. आणि हवा! कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो. गाडीवरच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो, तो थंड टायरचा. सकाळी, घराजवळच्या पंपावर भरा, लोणावळ्याला वडा खाऊन झाल्यावर नाही. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर घ्या.

अठराचा मोह अजूनही सुटत नसेल तर एक प्रश्न दुकानदाराला विचारा. वर्षभरानं यातला एक फुटला तर असाच दुसरा कधी मिळेल? जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, आणि वेगळी मापं, आयात होणारे खास परफॉर्मन्स टायर मिळणं अवघड झालं. सोळाचा टायर पुण्यात कुठेही मिळेल. अठराच्या एका खास नक्षीसाठी पंधरा दिवस गाडी उभी ठेवायची तयारी हवी. स्टेपनीचंही बघून ठेवा. ती वेगळ्या मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळायचीच.

पैसे देण्याआधी टायरवरचे चार आकडे वाचा, डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे वाचा, नुसत्या एकाचे नाही. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह. चाकांचं माप बदललं असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून टाका. आणि शंभरेक किलोमीटर झाले की परत जाऊन बोल्ट टॉर्क रेंचनं तपासून घ्या. ‘काही गरज नाही साहेब’ म्हणतील. तरी जा.