बंदूक बदलली, परवान्याचं काय?

मागच्या भादव्यात मगरीबनंतर शेजारचे चाचा कागदांची पिशवी घेऊन आले. कोकणात भातावर रानडुकरं उतरतात, म्हणून त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. (डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते, ते प्रकरण वेगळंच.) आता तिच्या नळीला तडा गेलेला.

"सर, पलीकडच्या गावात एकजण काडतुसाची एकनळी विकतोय. परवाना त्याच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे. बयाणा दिलाय. उद्या घेऊन येतो."

"चाचा, उद्या नको."

परवाना उघडून दाखवला. बंदुकीचा प्रकार, बोअर, नंबर, सगळं त्यात लिहिलेलं. परवाना तुमच्या नावाचा, पण नोंदलेल्या हत्यारापुरताच. नोंद नसलेली दुसरी बंदूक घरात आली की ती बिनपरवान्याचीच. म्हणून आधी जिल्हाधिकारी कार्यालयात बदलाचा अर्ज, मग बंदूक. जुनीचं काय करणार, तेही अर्जात लिहायचं.

विकणाराही मोकळा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचं. दोघांकडे परवाना असला तरी!

चाचा बोटं मोजत बसले. "पंचेचाळीस दिवसांत भात कापून होईल."

चाची दारातून म्हणाल्या, "होऊ दे. या वयात पोलीस ठाण्याच्या खेपा नकोत."

दोन्ही अर्ज त्याच रात्री लिहिले. शेत मात्र चाचांनी त्या हंगामात पत्र्याचे डबे वाजवून राखलं.