कोलिस्टिनवर बंदी, आता कोंबड्यांना वाचवणार कोण?

केंद्राने जुलै 2019 मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. बाकी औषधं चालेनाशी झाली की माणसांना देतात, ते हे अँटिबायोटिक. मग वडवणीतल्या पोल्ट्रीवाल्याने काय करायचं?

एक उत्तर कोंबडीच्याच शरीरात आहे. तिच्या पांढऱ्या पेशींमध्ये 'कॅथ-2' नावाचं छोटं प्रथिन, म्हणजे पेप्टाइड, असतं. ते जिवाणू मारतं. शिवाय मेलेल्या जिवाणूंमुळे रोगप्रतिकारक पेशी विनाकारण भडकतात, त्यांनाही आवरतं. बहुतेक अँटिबायोटिकं फक्त पहिलं काम करतात. नेदरलँड्समध्ये उबवणीच्या अंड्यातच त्याचं बदललेलं रूप टोचलं, तेव्हा पिल्लांमधला ई-कोलायचा संसर्ग घटला.

पण पेप्टाइड बनवणं महाग. आणि गंमत म्हणजे कोलिस्टिनही पेप्टाइडच. त्यालाही जिवाणू सरावलेच. सध्या तरी पोल्ट्रीवाल्याच्या हातात लस, कोरडा तूस आणि स्वच्छ पाणीच आहे.